वर्ग ‘होऽऽ मॅडम’ म्हणतो तेव्हा

वाचकाचं पत्र

जूनच्या शेवटी नागपुरात शाळा उघडली, त्या दिवशी मी शिक्षिका म्हणून पहिल्यांदा वर्गात उभी राहिले. मी मूळची सांगलीकडची. शाळा शहराच्या कडेला, हिंगण्याच्या बाजूला. सहावी-सातवीचं गणित आणि सातवीचा भूगोल माझ्याकडे आहे. एका वर्गात ४६ मुलं. रोज रात्री बसून टाचण काढते, तक्ते करते, घसा बसेपर्यंत शिकवते. ‘समजलं का?’ विचारलं की अख्खा वर्ग ‘होऽऽ मॅडम’ म्हणतो. पण पहिल्या घटक चाचणीत अर्ध्याहून जास्त मुलांना दशांश अपूर्णांकांतला लहान-मोठा ओळखता आला नाही. ऋतू कसे होतात, याचं उत्तर तर बहुतेकांनी कोरं सोडलं. शेवटच्या तासाला गोंधळ आवरत नाही. स्टाफरूममधले एक अनुभवी सर म्हणतात, ‘आधी दरारा बसवा, शिकवणं मागून येतं.’ मला ओरडायला आवडत नाही. माझं चुकतंय कुठे? मी चांगलं शिकवत नाही का?

— सातवी ‘ब’च्या मॅडम, नागपूर

उत्तर

प्रिय मॅडम,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. तुम्ही चांगलं शिकवता की नाही, हे तुमच्या पत्रावरून मला सांगता येत नाही. तुम्ही काय काय करता ते सगळं पत्रात आलं आहे. टाचण आहे, तक्ते आहेत, बसलेला घसा आहे. त्या चाळीस मिनिटांत मुलांच्या डोक्यात काय चाललेलं असतं, याबद्दल मात्र एकही ओळ नाही. हा ठपका समजू नका. पहिल्या वर्षी सगळं लक्ष स्वतःकडेच जातं, आणि आपली तयारीही तशीच करून घेतलेली असते. बी.एड.च्या सराव पाठाला निरीक्षक मागच्या बाकावर बसून आपला आवाज, फळ्यावरचं अक्षर, प्रस्तावनेचे प्रश्न तपासतात. जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या नावाने शिकवल्या जाणाऱ्या पाच पायऱ्या आपण पाठ करतो, आणि त्या सगळ्या शिक्षकाने काय करायचं हेच सांगतात.

मला तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. आज वर्गात कोणाला काय कळलं आणि कोणाला काय भलतंच कळलं, हे घंटा होण्याआधी तुम्हाला माहीत व्हायला हवं, आणि त्यावरून उद्याचा तास बदलायला हवा. घटक चाचणीत ते कळणं म्हणजे फार उशिरा कळणं. तोवर दशांश मागे पडलेला असतो, पुढचं प्रकरण सुरू झालेलं असतं आणि पोराने ‘मले गणित जमत नाही’ असं मनाशी ठरवून टाकलेलं असतं. ते ठरवणं मला सगळ्यात जास्त लागतं. बाराव्या वर्षी घेतलेला तो निकाल पुढे वर्षानुवर्षं हटत नाही.

म्हणून ‘समजलं का?’ हा प्रश्न उद्यापासून बंद करा. ‘हो’ म्हणणारी मुलं खोटं बोलत नसतात. तुम्ही सोडवलेलं उदाहरण समोर फळ्यावर असतं, त्यातली प्रत्येक ओळ पटत असते, म्हणून समजलं असं त्यांना खरोखर वाटतं. पटणं आणि आपलं आपल्याला करता येणं यांत बरंच अंतर आहे, आणि ते अंतर मुलाला स्वतःला दिसत नाही. शिवाय ४६ जणांसमोर ‘मला नाही समजलं’ म्हणायला केवढं धैर्य लागतं! बारा-तेरा वर्षांच्या मुलीला तर ते जवळजवळ अशक्य. मग पुढच्या दोन बाकांवरची चार मुलं मनापासून ‘हो’ म्हणतात आणि उरलेला वर्ग त्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळतो. त्या होकारावर विसंबून पुढच्या मुद्द्याकडे जाऊ नका.

त्याऐवजी असा प्रश्न विचारा, की त्याचं चुकलेलं उत्तरही तुम्हाला काहीतरी सांगून जाईल. तुमच्या दशांशाचंच घेऊ, कारण तिथे हे फार स्पष्ट दिसतं.

फळ्यावर ०.५ आणि ०.३५ लिहा आणि मोठी संख्या कोणती ते विचारा. बरीच मुलं ०.३५ म्हणतील, कारण ५ पेक्षा ३५ मोठे. पहिलीपासून त्यांनी हेच केलं आहे. जितके अंक जास्त, तितकी संख्या मोठी. पूर्ण संख्यांमध्ये हा नियम खरा होता, दशांशात तो मोडतो, आणि मोडतो हे त्यांना कोणी समोर ठेवून दाखवलेलं नसतं. म्हणजे ती चूक निष्काळजीपणाची नाही, जुना नियम इमानदारीने पाळल्याची आहे. पण मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्या मुलांची. काही जण ०.५ असं बरोबर उत्तर देतील आणि त्यांचं कारण असेल, ‘दशांशात अंक कमी असले की संख्या मोठी.’ शतांश म्हणजे बारीक तुकडे, म्हणून शतांशवाली संख्या नेहमी लहानच, असं त्यांनी धरलेलं असतं. त्यांच्या वहीत तुम्ही बरोबरची खूण कराल आणि आतला गोंधळ तसाच राहील.

म्हणून लगेच दुसरी जोडी द्या, ०.२ आणि ०.३७. पहिल्या गटातलं मूल इथे बरोबर येईल, दुसऱ्या गटातलं ०.२ म्हणेल आणि पकडलं जाईल. तिसरी जोडी ०.३ आणि ०.३०. एवढ्या तीन जोड्यांत तुमच्या वर्गात कोण कसा विचार करतं ते समोर येतं. हेच गृहपाठाला दहा गणितं देऊन केलं असतं, तर प्रत्येकाची किती बरोबर आली एवढंच कळलं असतं.

आता त्यावर उपाय काय? ‘शेवटी शून्य देऊन अंक सारखे करा’ ही युक्ती लगेच सांगू नका. युक्ती पंधरा दिवस टिकते. आठवडी बाजारातला इलेक्ट्रॉनिक काटा आठवायला सांगा. पाव किलो मिरची ठेवली की ०.२५० दिसतं, अर्धा किलो कांदे ठेवले की ०.५००. तुमच्या वर्गात कोणाच्या घरी भाजीचा ठेला असेल, कोणाकडे किराणा असेल, ती पोरं हे आकडे रोज बघतात आणि अर्धा किलो पाव किलोपेक्षा जास्त हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. काटा तिन्ही घरं भरून का दाखवत असेल, हे त्यांनाच विचारा. दोन-चार जण तरी सांगतील. मग शून्य देण्याची युक्ती त्यांचीच होते. रुपये-पैशांचं उदाहरण मात्र मी या ठिकाणी टाळेन. टिंबाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या पूर्ण संख्या बसल्या आहेत असंच मुलाला तिथे वाटतं, आणि पाच रुपये पाच पैसे ते बिनधास्त ५.५ असं लिहितं. जी समजूत घालवायची, तीच त्याने घट्ट होते.

गणिताबद्दल आणखी एक. नवे शिक्षक फळ्यावर एक उदाहरण पूर्ण सोडवतात आणि थेट स्वाध्यायातली दहा देतात. मधला टप्पा सुटतो. एक पूर्ण सोडवून दाखवा. दुसरं अर्ध्यावर आणून सोडा आणि पुढच्या दोन ओळी मुलांकडून घ्या. तिसऱ्याची फक्त पहिली ओळ तुम्ही लिहा. चौथं त्यांचं. याला वेळ जास्त लागत नाही, आणि मागच्या बाकावरचं मूल कुठल्या ओळीवर अडलं ते दिसतं. त्याला तिथेच हात देता येतो.

‘पण ४६ मुलांत हे कसं करू?’ असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. २००९चा शिक्षण हक्क कायदा उच्च प्राथमिक वर्गांना ३५ मुलांमागे एक शिक्षक म्हणतो, तुमच्यासमोर त्याहून ११ जास्त बसली आहेत. प्रत्येकाच्या बाकाजवळ जाणं रोज जमणार नाही. म्हणून पाट्या मागवा. पहिलीत वापरलेली पाटी पुष्कळ घरांत कुठेतरी पडलेली असते, धाकट्या भावंडाची असते. नसेल तर जुन्या वहीची मागची कोरी पानं आणि जाड स्केचपेन. प्रश्न फळ्यावर लिहायचा, सगळ्यांनी गुपचूप उत्तर लिहायचं आणि तुम्ही ‘दाखवा’ म्हटल्यावरच सगळ्यांनी एकदम वर धरायचं. ‘एकदम’ या अटीवर ठाम राहा, नाहीतर मागची मुलं पुढच्यांचं बघून आपलं पुसतात. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत नजर फिरवली की पुढे जायचं की थांबायचं ते कळतं. अर्ध्या पाट्या चुकल्या तर पुन्हा, वेगळ्या उदाहरणाने. पाच-सहाच चुकल्या तर पुढे जा आणि त्या पाच-सहा जणांना सगळे सोडवत असताना गाठा.

तोंडी प्रश्न विचारताना आधी प्रश्न, मग शांतता, मग नाव, हा क्रम ठेवा. नाव आधी घेतलं की बाकीच्या ४५ जणांचा विचार तिथेच थांबतो. आणि ती मधली शांतता खरी असू द्या. मेरी बड रोव या अमेरिकी संशोधिकेने गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात वर्गांतल्या ध्वनिमुद्रणांवरून मोजलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात. हेच शिक्षक तीन सेकंद किंवा थोडं जास्त थांबले तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. खर्च काहीच नाही, तरी हे जमायला अवघड आहे, कारण त्या तीन सेकंदांत नव्या शिक्षकाला आपला तास कोसळतोय असं वाटतं. मनातल्या मनात अंक मोजा.

भूगोलाच्या कोऱ्या पानांचं कारणही मला असंच वाटतं. ऋतू कसे होतात, याचं एक उत्तर घेऊनच मूल तुमच्या वर्गात येतं. नागपूरच्या मे महिन्यातला ४५च्या वरचा पारा त्याने अंगावर घेतलेला असतो. जाळाच्या जवळ गेलं की जास्त भाजतं हे त्याला ठाऊक असतं. म्हणून ते म्हणतं, ‘उन्हाळ्यात सूर्य जवळ येते मॅडम.’ अनुभवाला आणि तर्काला धरून काढलेला निष्कर्ष आहे तो, फक्त चुकीचा. त्यावर आपण कललेल्या आसाचा तक्ता टांगतो. मूल साडेतेवीस अंश पाठ करतं, पण मूळ समज जागचा हलत नाही. पेपरात दोन्ही गोष्टी समोरासमोर येतात, कोणती लिहावी कळत नाही आणि पान कोरं राहतं.

तेव्हा आधी तो समज बाहेर काढा. ‘उन्हाळा का होतो असं तुम्हाला वाटतं?’ एवढंच विचारा आणि लिहायला लावा. पुस्तक बंद. लगेच चूक-बरोबर करू नका. मग विचारा, २६ डिसेंबरला मेलबर्नला कसोटी सामना सुरू होतो, तेव्हा तिकडे कोणता ऋतू असतो? नागपूरजवळच्या जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर खेळायची स्वप्नं बघणारी पोरं लगेच सांगतील, उन्हाळा. त्याच दिवशी आपण इथे स्वेटर घालून. पृथ्वी सूर्याजवळ गेल्यामुळे उन्हाळा होत असता, तर दोन्हीकडे एकदमच झाला असता. आता त्यांचा समज त्यांनाच पुरेनासा झाला, आणि नवं ऐकायला डोक्यात जागा झाली. या क्षणी सांगा, की पृथ्वी सूर्याला सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि सगळ्यात दूर असते जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. म्हणजे नागपुरात पारा दहाच्या खाली उतरतो, त्याच सुमारास आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ. मग वर्गातून एकदम प्रश्न येतात, आणि तुम्ही न सांगता.

त्यांची उत्तरं मैदानावर आहेत. एक मीटरची सरळ काठी ओळंब्यात उभी करा आणि मध्यान्हीची सावली मोजा. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरून लावलेलं असतं आणि नागपूर त्याच्या पश्चिमेला आहे, तरी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात आपल्याकडे खरी मध्यान्ह एकाच वेळी होत नाही, कधी घड्याळातल्या बाराच्या किंचित आधी, तर कधी बारानंतर पंधराएक मिनिटांपर्यंत होते, हेही मुलांनाच शोधू द्या. सगळ्यात आखूड सावली ज्या मिनिटाला, ती मध्यान्ह. २३ सप्टेंबरला सावली ३९ सेंटिमीटरच्या आसपास येईल. दर पंधरवड्याला मोजत गेलात तर २२ डिसेंबरला ती जवळजवळ काठीएवढी, ९९ सेंटिमीटर भरेल. २१ जूनला मध्यान्हीची सावली जेमतेम चार सेंटिमीटर असते आणि तीही दक्षिणेकडे पडते, कारण नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे आणि त्या दिवशी सूर्य आपल्या माथ्यापासून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्याला असे दोन दिवस येतात की मध्यान्हीला काठीची सावली नाहीशीच होते. मेमध्ये शाळेला सुट्टी आणि जुलैत ढग, म्हणून हे दोन दिवस तुम्हाला तोंडीच सांगावे लागतील. पण ते ऐकून एखादी मुलगी विचारेल, ‘मग जुलैत मेएवढी गरमी काहून होत नाही?’ तो प्रश्न आला, की त्या दिवसाचं शिकवणं सार्थकी लागलं. ढग आणि पावसाकडे तीच वर्गाला घेऊन जाईल.

वहीत सावलीच्या लांबीचा आलेख काढला की त्यात गणितही आलं आणि भूगोलही. सावली लांब म्हणजे ऊन तिरपं, तिरपं म्हणजे तेवढंच ऊन जास्त जमिनीवर पसरलेलं. त्यातच दिवसाची लांबी धरा. नागपुरात जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान ११ तासांपेक्षा थोडा कमी. आसाच्या कलण्याचा तक्ता यानंतर टांगा. तेव्हा तो मुलांच्या स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर असेल. हे झाल्यावर रमण विज्ञान केंद्रातल्या तारांगणाला सहल नेलीत तर मुलं तिथे बघायला काहीतरी घेऊन जातील. आधी नेलीत तर डबा खाऊन परत येतील.

आता दरारा. ते सर वाईट हेतूने सांगत नाहीत हे मी जाणते. त्यांनी गोंधळात वाया गेलेले तास पाहिले असतील. तरी त्यांचा सल्ला घेऊ नका. कायद्याचं कारण तर आहेच, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. पण माझं मुख्य कारण वेगळं आहे. दराऱ्याच्या वर्गात मूल सगळ्यात आधी काय शिकतं, तर आपल्याला काय येत नाही ते लपवायला. पाटी कोरी ठेवणं, शेजाऱ्याचं उतरवणं, मान खाली घालणं. आणि तुम्हाला तर नेमकं तेच बघायचं आहे. ज्या वर्गात चूक उघड करायची भीती वाटते, तिथे तुम्ही कितीही सुंदर शिकवलंत तरी डोळे बांधून शिकवाल.

याचा अर्थ गोंधळ चालू द्यायचा असं मुळीच नाही. शांत वर्ग हा मुलांचा हक्क आहे. जेकब कौनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने वर्गांचं चित्रीकरण करून १९७०मध्ये निष्कर्ष मांडले. गोंधळ झाल्यावर शिक्षक काय करतात, यावरून चांगले आणि कमी चांगले वर्ग वेगळे ओळखताच आले नाहीत. फरक होता तो गोंधळ होण्याआधीच्या गोष्टींत. वर्गात कुठे काय चाललंय ते शिक्षकाला दिसतं का, हे मुलांना ठाऊक असतं का, आणि मुलं रिकामी बसतात असे क्षण किती. हे रिकामे क्षण शोधा. हजेरी घेताना, पाठमोरं होऊन फळा लिहिताना, वह्या वाटताना, एकाचं उत्तर तपासत असताना बाकीचे काय करतात? बहुतेक गोंधळ तिथूनच निघतो.

तास सुरू होण्याची एक ठरलेली रीत लावा आणि महिनाभर ती बदलू नका. तुम्ही दाराशी उभ्या, फळ्यावर तीन प्रश्न आधीच लिहिलेले. एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक गेल्या महिन्यातला. मुलं ते सोडवतात तोवर हजेरी. यात दोन कामं होतात. वर्ग बसतो, आणि विसरलेलं पुन्हा आठवावं लागतं. शिकलेलं किती भराभर विसरतं, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. पुन्हा वाचण्यापेक्षा पुन्हा आठवण्याने ते जास्त टिकतं. जूनमध्ये शिकवलेलं दिवाळीनंतर मुलांना येत नाही म्हणून चिडण्यात अर्थ नाही, मधल्या महिन्यांत ते कोणी विचारलेलंच नसतं.

सूचना देताना चालू नका, फळा पुसू नका. एका जागी उभ्या राहा, वर्ग शांत होईपर्यंत थांबा, मग थोडक्यात आणि हळू आवाजात सांगा. गोंधळाच्या वर आवाज चढवलात की गोंधळ आणखी एक पायरी चढतो आणि तुमचा घसा जातो. घशाचं मनावर घ्या, तो पुढची तीस वर्षं लागणार आहे. मागच्या बाकाजवळ उभं राहूनही शिकवा. ४६ नावं पाठ करा, उपस्थितीच्या क्रमांकाने हाक मारू नका. एखादा सतत त्रास देत असेल तर त्याच्या बाकाजवळ जाऊन फक्त त्याला ऐकू येईल असं बोला. चारचौघांत अपमान झालेलं पोर पुढे महिनाभर तुमच्याकडून काही शिकणार नाही.

शेवटच्या तासाला लिहून घेऊ नका. नागपूरच्या जुलै-ऑगस्टमधला दमट उकाडा, पंखा असला तर एकाच कोपऱ्यात वारा, पोटात भूक. अशा वेळी मुलांना हाताने करायचं, उठून करायचं काम द्या. जोड्यांत मोजमाप, फळ्यावर येऊन गणित, मैदानातली काठी. वेळापत्रक तुमच्या हातात नाही, पण आठवड्याच्या सहा तासांत कोणतं काम कोणत्या तासाला ठेवायचं हे तुमच्या हातात आहे.

तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण सांगलीहून आल्यामुळे भाषेचा प्रश्न आला असणार. ‘मले वाटते’, ‘काहून’, ‘करून राहिलो’ अशी उत्तरं येतील, आणि हिंगण्याच्या औद्योगिक पट्ट्यातली कितीतरी मुलं घरी हिंदी बोलत असतील. उत्तर मधेच तोडून उच्चार दुरुस्त करू नका. विचार पूर्ण येऊ द्या, तो बरोबर असेल तर तसं सांगा, आणि मग पुस्तकातला शब्द फळ्याच्या डाव्या बाजूला लिहून तासभर राहू द्या. ‘सावली लांबून राहिली’ म्हणणाऱ्या मुलाने निरीक्षण अचूक केलेलं आहे. तुम्हीही त्यांचे चार शब्द उचला, त्यांना फार आवडेल.

घंटेआधीची पाच मिनिटं राखून ठेवा. अर्धं पान, एक प्रश्न, नाव. उदाहरणार्थ, ‘०.४ आणि ०.२८ यांत मोठी कोणती, आणि का?’ ही पानं तपासायची नाहीत, गुण द्यायचे नाहीत. फक्त तीन ढीग करायचे. जमलं, अर्धवट जमलं, भलतंच धरलं. ऑफ तासाला दहा मिनिटांत होतं. रोज दोन्ही विषयांचं करू नका, दमून जाल. आठवड्यातून दोनदा, एकाच वर्गाचं, एवढ्यापासून सुरुवात करा. त्या वेळेसाठी तक्ते कमी करा. तक्त्यावर घालवलेले रात्रीचे दोन तास आणि ढिगांवर घालवलेली दहा मिनिटं यांत मुलांना जास्त उपयोग दुसऱ्याचा होतो, हे मी ठामपणे सांगते. टाचणवहीत आणखी एक रकाना आखा. ‘इथे मुलं काय चुकीचं म्हणतील?’ पहिल्या वर्षी तो रिकामा राहील. मुलांची उत्तरं त्यात टिपत गेलात तर पुढच्या वर्षी तोच तुमच्या सगळ्यात कामाला येईल.

शाळेत ज्यांच्या तासाला मुलं आपणहून बोलतात अशा एखाद्या ज्येष्ठ बाई किंवा सर असतीलच. त्यांना विचारून मागच्या बाकावर बसा आणि एकच गोष्ट बघा. मूल चुकलं की ते पुढे काय बोलतात. बाकी काही टिपू नका. आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं, त्याच्या शिक्षण परिषदेतही हा प्रश्न मांडा. दशांशावर अडखळणारी मुलं फक्त तुमच्याच वर्गात नाहीत.

राहिला चाचणीचा निकाल आणि अभ्यासक्रमाचा ताण. दशांश तसाच सोडून पुढे जाऊ नका. शेकडेवारी, व्याज, मापन, सगळं त्यावर उभं आहे, आणि आज वाचवलेले दोन तास पुढे दहा तास खातील. ऋतूंना मात्र वेगळे तास लागणार नाहीत, पंधरवड्याची काठी ते काम करेल. दशांशासाठी दोन पूर्ण तास काढा. मुख्याध्यापकांना आधी सांगा, आणि सांगताना चाचणीचे गुण घेऊन जाऊ नका, ते तीन ढीग घेऊन जा. कोणत्या मुलाने काय धरलं आहे आणि त्यावर तुम्ही काय करणार आहात, हे कागदावर दिसलं की परवानगी सहसा मिळते. नाहीच मिळाली, तर दोन आठवडे परिपाठानंतरची दहा मिनिटं मागून घ्या.